कुजिराईला शिकवायचा धडा

३ जून, सकाळी ६.१०
आजपासून सूड. ओकायामाच्या स्पर्धेला बरोबर शंभर दिवस उरलेत. गेल्या वर्षी तिथे कुजिराईने मला तीन-शून्य हरवलं. त्याचं काही नाही, खेळात हार-जीत चालायचीच. पण अकरा मिनिटांत हरवून वर कमरेत वाकून म्हणतो, "इनुझुकासान, खूप शिकायला मिळालं." अकरा मिनिटांत काय शिकला हा? बारा वर्षं प्रोफेशनल डार्ट्स खेळणाऱ्या माणसाला तोंडावर टोमणा!
संकल्प: रोज सहाशे डार्ट. बिअर बंद. त्याला हरवायचं आणि त्याचंच वाक्य त्याला ऐकवायचं.

४ जून
तीनशे डार्ट. मनगटाला एकदम दमवू नये. बिअर चालू ठेवली. अचानक बंद केली तर हात थरथरतो म्हणे.

११ जून
मासिकातला कुजिराईचा फोटो कापून बोर्डाशेजारी टांगला. शत्रू सतत डोळ्यांसमोर हवा. घरात एक काळी फ्रेम पडून होती, तीच वापरली.

१३ जून
शेजारच्या त्सुकुदाबाई कांदे द्यायला आल्या. काळ्या चौकटीतला फोटो पाहिला आणि हातच जोडले. "अगं बाई! किती तरुण होता हो. कोण तुमचा?" मी कांदे घेतले. त्यांनी डोळे पुसले आणि उदबत्ती मागितली. त्या गेल्यावर सानाए भडकली. "अहो, काढा तो फोटो! जिवंत माणसाचे दिवस काय घालताय?" बायकोला शुभशकुन कळत नाहीत.

२ जुलै
आरशासमोर वाकण्याचा सराव. पाठ सरळ, नजर खाली, आवाज गोड: "कुजिराईसान, खूप शिकायला मिळालं." चाळीस वेळा केलं. शेवटी शेवटी इतकं झोंबरं जमलं की मलाच राग आला. सानाए म्हणाली, "वाकून झालं असेल तर थोडे डार्टही फेका."
डार्ट: साठ.

१९ जुलै
तातामी चटयांचे दुकानदार सुगितानी माझे एकमेव प्रायोजक. खेळताना माझ्या शर्टाच्या पाठीवर त्यांच्या दुकानाचं नाव असतं. आज फोन करून विचारलं, "नाव जरा मोठं करता येईल का? म्हणजे, तुम्ही थोडाच वेळ दिसता, म्हणून म्हटलं." ह्यांचाही नंबर लागेल. आधी कुजिराई.

८ ऑगस्ट
उकाडा. डार्ट: शून्य. डोळे मिटून मनातल्या मनात खेळलो. कुजिराईला सात वेळा हरवलं. सातव्या वेळी तो रडला.

२ सप्टेंबर
ड्रॉ लागला! दुसऱ्या फेरीत कुजिराई! देव आहे. पहिल्या फेरीत कोणी मुनाकाता म्हणून आहेत, वय सदुसष्ट, निवृत्त बसड्रायव्हर. हात मोकळा करायला बरे.

११ सप्टेंबर, संध्याकाळी ७, परतीच्या गाडीत
मुनाकाता जिंकले. तीन-एक. प्रत्येक डार्टआधी चष्मा बदलत होते, त्याने माझी लय गेली. शेवटी मी वाकलो आणि तोंडातून निघून गेलं, "खूप शिकायला मिळालं." त्याला काही अर्थ नसतो, हरलो-जिंकलो तरी सगळेच म्हणतात.

आमच्यात हरलेल्याने त्याच बोर्डावर पुढच्या सामन्याचे गुण लिहायचे असतात. पुढचा सामना कुजिराईचा होता. तो बोर्डासमोर, मी बोर्डाला चिकटून, हातात मार्कर. त्याने तीन डार्टमध्ये एकशे ऐंशी मारले, म्हणजे होतील तेवढे सगळे. ते ओरडून सांगायचं कामही माझंच. ओरडलो. आवाज छान लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो जिंकला आणि सरळ माझ्याकडे आला. मी मार्करला टोपण लावलं. आता टोमणा येणार, आणि माझं वाक्य तर मुनाकातांवरच खर्च झालं होतं.

"गेल्या वर्षीही माझ्या सामन्याचे गुण तुम्हीच लिहिले होते ना?" तो म्हणाला. "चेहरा लक्षात आहे माझ्या. काय सुरेख अक्षर आहे हो तुमचं!"

लिहिले होते. त्याच्याकडूनच हरल्यावर, लगेच त्याच्याच पुढच्या फेरीचे. तो सामना त्याच्या लक्षात नाही.

"हो, तोच मी," म्हणालो. आणि मला बरं वाटलं. खरंच, फार बरं वाटलं.