पानावरचं तुझं नाव

सान ब्रूनो वस्ती,
१२ मे २०१५

प्रिय दोरिलास दादा,

देवाच्या कृपेने इकडे सारे बरे आहेत. तुमची खुशाली रोजच्या प्रार्थनेत मागते. यंदा तूर चांगली आली; नारळाच्या दुधात शिजवली की तुझी आठवण निघतेच. वहिनीच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलं आहे. संपलं की बाटली परत पाठव.

युबेल्काचा बारावीच्या परीक्षेचा अर्ज अडला आहे. कचेरी जन्मदाखला देत नाही. आजोबा सीमेपलीकडच्या हैतीतून ऊसतोडीला आलेले, मग नात इथली कशी, म्हणतात. बाबा याच मळ्यात चाळीस वर्षं राबले, याच मातीत पुरले गेले.

मागच्या पत्रात टाळलं ते लिहिते. जानेवारीत मी पोरीचं नाव परक्यांच्या, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांच्या, नोंदवहीत घातलं. सही माझी. 'गुपचूप परक्यांचं कार्ड घे, बोभाटा नको,' हे तूच म्हणालास, आणि का म्हणालास ते मला ठाऊक होतं. तिच्या इथल्या जन्माचा एकच पुरावा आहे, देवळातली बाप्तिस्म्याची वही. त्या पानावर धर्मपिता म्हणून तुझी सही आहे: दोरिलास सांतिल. शहरात हैतीचं नाव टाकून तू दोरियान सालास झालास, सरकारी नोकरीत लागलास. ते पान झाकलेलं राहावं म्हणून मी माझी लेक परकी केली.

कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. मग एवढंच म्हणाली, "आई, मी परकी, तर तू कुठली?"

काल सही मागे घ्यायला गेले. कारकून म्हणाला, "बाई, सही करण्याआधी वाचायचं असतं."

"वाचलं होतं साहेब, मॅट्रिक आहे मी. खोटं आहे हे कळूनच सही केली. आता खरं लिहून द्यायला आलेय."

रांगेतल्या बायका हसल्या. कारकुनाने कोर्टात जायला सांगितलं. त्यातल्या आठजणी आता माझ्याबरोबर कोर्टात येणार आहेत. त्यांच्याही पोरांचं हेच झालंय.

फादरनी पानाची प्रत शिक्का मारून दिली. तुझं नाव झाकू का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं. देवासमोर केलेली सही मी झाकणार नाही. पुढच्या शुक्रवारी ती प्रत न्यायाधीशांपुढे जाईल. तुझ्या नोकरीची मला भीती वाटते, तरी थांबणार नाही.

बाप्तिस्म्याच्या पाण्याजवळ पोरीला तूच धरलं होतंस. साक्षीला ये. ती दर पत्रात तुझा आशीर्वाद मागते. या वेळी समोर उभा राहून दे.

आजवर पाकिटावर सालास लिहीत आले. या वेळी बाबांनी ठेवलेलं नाव लिहिलं आहे, ठळक अक्षरांत. हा सांतिल कोण, असं पोस्टमनने विचारलं तर 'मीच' म्हणून सांग.

तुझी सख्खी बहीण,
एर्मिलिया सांतिल