तोंडही तुमचंच

मंगळवार, ९ मार्च

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात तुला आणि वहिनीला सप्रेम सलाम. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी फोनवर म्हणाली, तू काठी घ्यायला तयार नाहीस. घे. निवृत्त झाल्यावर तुला कवायतीत बघायला कोण येणार आहे?

इकडे सगळं ठीक. चर्चचं छप्पर गळत होतं, ते दुरुस्त झालं. पाळकांचा घसा बसलाय, त्यामुळे बरेच रविवार उपदेश मीच करते आहे. लढाई सुरू झाल्यापासून बाक मोकळे दिसतात. काही जण सैन्यात गेले म्हणून, आणि काही जण मी बोलणार असते म्हणून. घुम्याचं चष्म्याच्या कारखान्यातलं काम चांगलं चाललं होतं. भिंगं घासताना नखांत ती गुलाबी पूड बसते, कितीही हात धुतले तरी जात नाही. बाकी अजून तसाच आहे. चार शब्दांत काम भागत असेल तर पाचवा बोलणार नाही.

तुझा निरोप वहिनीकडून मिळाला. पुरवठ्याच्या कोठारात जागा आहे, गणवेश घालावा लागेल पण बंदूक धरावी लागणार नाही, तू शब्द टाकशील. माझ्याशी बोलणं टाकलेलं असताना तू घुम्यासाठी, तुझ्या भाच्यासाठी, हे केलंस. ते माझ्या लक्षात राहील. पण नको. त्या कोठारातून काडतुसंच बाहेर जातात, हे मी तुला सांगायला नको.

इतकं लिहून पत्र बंद करणार होते. 'चाललं होतं' असं वर लिहून गेलेय, ते तुझ्या नजरेतून सुटणार नाही. कारखान्याने त्याला तात्पुरतं घरी बसवलंय. कारण सक्तीच्या भरतीतून सूट मागणारा त्याचा अर्ज सुनावणीत फेटाळला गेला. आणि तो माझ्यामुळे फेटाळला गेला, दादा.

कायदा तुला माहीत आहे. ज्याची सदसद्विवेकबुद्धी शस्त्र धरू देत नाही, त्याला सूट मिळते. मात्र ती बुद्धी त्याची स्वतःची हवी. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. माणूस सभ्य आहे, पाणी विचारणारा. त्यांनी घुम्याला विचारलं, "तुमच्या आईवर कोणी हात उचलला तर काय कराल?"

घुम्या विचार करायला लागला. तुला ठाऊकच आहे त्याचा विचार करणं म्हणजे काय. खिडकीबाहेर बघतो, नख कुरतडतो. समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. माझ्याने राहवलं नाही. मी उठले.

मग मी काय बोलले म्हणून सांगू! बागेत शिष्य पेत्राने तलवार उपसली तेव्हा त्याच्या प्रभूवरच हात पडला होता, तरी प्रभूने ती म्यानात घालायला लावली, आईपेक्षा ते कमी होतं का, असं विचारलं. शत्रूवर प्रीती करा ही आज्ञा शांततेच्या दिवसांसाठी असती तर ती द्यायची गरजच काय होती, असं विचारलं. पहिल्या शतकांतल्या विश्वासणाऱ्यांपासून आजपर्यंतचा इतिहास उभा केला. कारकुनाने लिहायचं थांबवलं आणि तो ऐकत बसला. मी खाली बसले तेव्हा मला वाटलं, जिंकलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही फार सुंदर बोलता. लहानपणापासून हे कानावर पडलेला कोणताही मुलगा हेच म्हणेल. इथे मत तुमचं आहे." मग घुम्याकडे एकदा पाहून मला म्हणाले, "तोंडही तुमचंच."

जिन्यावर घुम्या मला म्हणाला, "उपदेश छान झाला, आई." टोमणा नव्हता रे. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आता सोमवारी फेरसुनावणी आहे. तिथेही नाही म्हणाले तर गणवेश नाहीतर तुरुंग, आणि गणवेश तो घालणार नाही. तुझा निरोप आला त्या दिवशी मी तो त्याच्यापुढे ठेवला. नुसता ठेवला नाही, घे म्हणाले. मी म्हणाले! इतकी वर्षं व्यासपीठावर मूठ आपटणारी मी, तुरुंगाचं दार दिसल्यावर म्हणाले, "कोठार तर कोठार, जिवंत तरी राहशील." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्याच कोणाची आई घरात शिरली आहे. मग म्हणाला, "मामाने मनापासून विचारलंय. त्याला नीट नाही सांग. भाषण नको देऊस."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अध्यक्ष चुकले. हे माझं असतं तर माझ्याबरोबर डगमगलं असतं.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. मी इस्पितळात होते ती सुट्टी आठव. घुम्या तुझ्याकडे राहिला होता. तू त्याला नेमबाजी शिकवलीस, त्याला ती आवडली, हातही स्थिर होता. मग एक दिवस तू गोल चकतीऐवजी माणसाच्या आकाराचा पुठ्ठा लावलास आणि त्याने बंदूक खाली ठेवली. तू मला फोन करून ओरडला होतास, "पोराला काय खायला घालतेस गं? पुठ्ठ्याला घाबरतो!" मी तर अंथरुणावर होते, त्याच्याशी धड बोललेही नव्हते.

त्यानंतर जेवताना तू त्याला शताधिपतीवरून धारेवर धरलंस. आपला नोकर आजारी म्हणून तो रोमी अंमलदार प्रभूकडे आला, प्रभूने त्याच्या विश्वासाची वाखाणणी केली, पण सैन्यातली नोकरी सोड असं म्हणाला का? तू हे मला विजयाने सांगितलंस, आणि घुम्याचं उत्तरही सांगितलंस, वेडगळ म्हणून: "नाही म्हणाला, मामा. पण त्या माणसाला दुसऱ्याचं दुखणं दिसत होतं. मला ते दिसलं की बंदूक धरवत नाही."

दादा, तो उतारा मी व्यासपीठावरून कधी घेतलेलाच नाही. घरीही नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं म्हणून मी त्याला वळसा घालत आले. मग घुम्याला ते कोणी शिकवलं? मी नाही. हे समितीला सांगू शकेल असा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझ्या उपदेशातून उठून गेलेला आहे.

तू उठून गेलास त्या रविवारी मी जे बोलले त्यातला शब्दही मागे घेत नाही. तलवारींना आशीर्वाद देणारं व्यासपीठ प्रभूचं नाही, असं मी आजही म्हणेन. तुझं मन वळवायलाही मी हे लिहीत नाही. तू सैनिक म्हणूनच ये, पदकं लावून ये. तुला वाटतं ते बेधडक सांग. पोरगा चुकतोय, देशाला गरज असताना अंग काढून घेतोय, असं वाटत असेल तर तसंच सांग. फक्त तो स्वतःच्या अकलेने चुकतोय, माझ्या नाही, एवढं त्यांना कळू दे.

तू आलास नाही आलास तरी उत्तरं तोच देणार आहे. खिडकीबाहेर बघून, नख कुरतडून, त्याला लागेल तितका वेळ घेऊन. तोपर्यंत घड्याळ बघणाऱ्यांनी बघावं. मी मागच्या बाकावर बसेन आणि काहीही झालं तरी उठणार नाही. प्रभू मला तेवढं बळ देवो. बोलण्यासाठी मी ते कधी मागितलं नव्हतं.

वहिनीला सलाम. सुनावणी सकाळी आहे, गुडघ्याला जिने झेपणार नाहीत, मागच्या दाराने ये.

तुझी,
सोमवारी गप्प बसणारी,
धाकटी बहीण