धाकटीला विचारलेला प्रश्न

माय, तू गेलीस त्याला अठरा वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुला सांगण्यासारखं बरंच घडलं, पण लिहायला बसले ती धाकटीवरून. तुला याचं नवल वाटणार नाही. तुझी-माझी जेव्हा जेव्हा बोलाचाली झाली, तेव्हा ती तिच्यावरूनच झाली.

धाकटी आता नागपूरला एका सल्लागार कंपनीत मोठ्या कामावर आहे. नागपुरात मेट्रो आली, ती तू पाहिली नाहीस. रस्त्याच्या वरून, खांबांवरून जाते. आता ती शहराबाहेर न्यायची चर्चा चालली आहे. म्हणजे नवे खांब उभारायचे नाहीत, आपल्याच रेल्वेच्या रुळांवरून तसल्या चकचकीत गाड्या आजूबाजूच्या गावांपर्यंत सोडायच्या. कोणत्या दिशेला किती लांब न्यायच्या याचा आराखडा जे करतात, त्यांत आपली धाकटी आहे. पेपरात तिचा फोटो आला त्या दिवशी शाळेत बायका विचारत होत्या, "तुमची बहीण ना?" मी हो म्हटलं आणि हजेरीचं पुस्तक उघडलं.

तुझं गोंदियाच्या रनिंग रूमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी रेल्वेने तुला तिथे घेतलं होतं. बाहेरगावचे ड्रायव्हर आणि गार्ड गाडी सोडून विश्रांतीला यायचे, त्यांचा स्वयंपाक तू करायचीस. उंच खिडकी, खाली काळा पडलेला ओटा, आणि त्या ओट्याच्या टोकाला सकाळी सकाळी ठेवलेला एक डबा. धाकटी नागपूरला इंजिनिअरिंगला गेली, होस्टेलचं जेवण तिला सोसेना, म्हणून तू ओळखीच्या गार्डकाकांच्या हातून तिचा डबा पाठवायला लागलीस. सकाळच्या गाडीने डबा निघायचा, दुपारी ती स्टेशनवर येऊन घ्यायची, आणि रिकामा डबा दुसऱ्या दिवशी परत. तीन वर्षं. मी डी.एड. करून नुकतीच तिरोड्याच्या शाळेत लागले होते. माझी गाडी त्यानंतरची, म्हणून डबा भरायचं काम माझं. तू लाखोरीच्या डाळीचे वडे तळते आहेस, मी ते कागदावर निथळून डब्यात रचते आहे, आणि तू पाठमोरी सांगते आहेस, "कुरकुरीत वरतं ठेव, तिले नरम आवडत नाही." मला कसे आवडतात ते तू कधी बोलली नाहीस. मला वाटायचं, तुला माहीतच नसेल.

एकदा मी त्यातले दोन वडे काढून खाल्ले. तुला कळलं, कारण तू मोजत नव्हतीस तरी डब्याचं झाकण खाली बसलेलं तुला दिसलं. म्हणालीस, "तुले तं रोज भेटते ना? तिच्या डब्यातलं काऊन काढून राहिली?"

मी म्हटलं, "मले कोणी डबा भरून देत नाही."

तुझा झारा हातातच थांबला. मग तू म्हणालीस, "तू तं माह्याजवळच हायस. तुले डबा कायले पाह्यजे?" आणि परत कढईकडे वळलीस. त्या उत्तराने माझं समाधान झालं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.

मी अजून तिरोड्यालाच शिकवते. रोजची तीच पॅसेंजर. कोळशाच्या मालगाड्यांना वाट द्यायला ती कधी सिग्नलला अर्धा तास उभी राहते, कधी पाऊण. हेडमास्तरांनी माझ्या उशिराबद्दल बोलणंही सोडून दिलं आहे. आम्ही रोज येणारे-जाणारे वीस-पंचवीस जण आहोत; अर्ज लिहायचे, निवेदन द्यायचं, ते माझ्याकडे असतं. माझं अक्षर चांगलं म्हणून. तर या आराखड्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला गोंदियात सभा ठेवली, तेव्हा आमच्यातर्फे बोलायलाही मलाच उभं केलं. मंचावरून आराखडा मांडणार होती धाकटी.

सभेच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. खूप थकलेली वाटली. म्हणाली, "ताई, तुला म्हणून सांगते. गोंदियापर्यंतचा अभ्यास मी केला होता. सहा महिने लागले. मालगाड्यांमुळे जमणार नाही म्हणून वरच्यांनी तो काढून टाकला. आता आराखडा भंडारा रोड स्टेशनपर्यंतच आहे, निम्म्या वाटेवर. मी भांडले, पण हरले. तू सभेत काय वाट्टेल ते विचार, फक्त गोंदियाचा अभ्यास झाला होता का, एवढं नको विचारू. मला तिथे खोटंही बोलता येणार नाही आणि खरंही."

मी म्हटलं, "नाही विचारणार." आणि म्हणताना मनापासूनच म्हटलं होतं, माय.

सभागृह भरलं होतं. आराखड्याची छापील पुस्तिका दारातच प्रत्येकाला दिली होती. पुढच्या रांगेत तांदळाचे व्यापारी. त्यांच्यातले एक हिंदीत म्हणाले, "धान हमारा, कोयला हमारे सिर पे से जाता है, और मेट्रो भंडारा तक. ये कौन सा हिसाब है?" देवरीहून आलेला एक माणूस उठला. "आमच्या देवरीले तं रेल्वेच नाही. आमी बसनं येऊन राहिलो. तुमी मेट्रोवर कायले भांडून राहिले?" लोक हसले, धाकटीही हसली. आमच्यातल्या एकाने सांगितलं की मेट्रो राहू द्या, आधी आहे ती पॅसेंजर वेळेवर चालवा. त्यावर व्यापारी भडकले, म्हणाले, हे तर मागणंच सोडायला निघाले. असं दोन्हीकडून चाललं होतं. धाकटी प्रत्येकाला नीट उत्तर देत होती. फिकट निळी साडी, केस मागे घट्ट बांधलेले. हातात छोटा दिवा, तो नकाशावर फिरवून ती गावं दाखवत होती. बोलता बोलता मान तिरकी करायची तिची लकब अगदी तुझी आहे. माझ्यात तुझं काहीच आलं नाही, असं आत्याबाई म्हणायच्या. शेजारी बसलेली बाई मला म्हणाली, "कशी बोलून राहिली पाहा. कोणाची पोरगी असंल." मी सांगितलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी कागदावर चार मुद्दे लिहून नेले होते, मालगाड्या, तिसरी लाइन, सकाळची वेळ, शाळा-कॉलेजची पोरं. माइक हातात घेतला. ती मंचावरून माझ्याकडे पाहून किंचित हसली, घरातलं हसू. आणि मी कागद घडी करून म्हटलं, "माझा एकच प्रश्न आहे. गोंदियापर्यंतचा अभ्यास झाला होता का? झाला असेल, तर तो या पुस्तिकेत का नाही?"

टाळ्या पडल्या, माय. आमचे डेली पॅसेंजर तर उभेच राहिले. मला इतक्या लोकांनी एका वेळी कधी पाहिलं नव्हतं. धाकटीने पाण्याचा ग्लास उचलला आणि तोंडाला न लावता खाली ठेवला. तिचे साहेब माइककडे झुकले, पण त्याआधीच ती बोलली. "झाला होता. मीच केला होता. तो या पुस्तिकेत नाही." एवढंच. आणि टाळ्या सुरू झाल्या. माझ्यापेक्षा जास्त, कितीतरी जास्त. व्यापारीसुद्धा वाजवत होते. मी माइक हातात धरून उभीच होते, आणि माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं.

सभा संपल्यावर ती घरी जेवायला येणार होती. मी सकाळीच सगळं करून ठेवलं होतं. तिच्या साहेबांनी तिला गाडीत बसवलं, आणि काच खाली न करता ती गेली. मी घरी आले, एकटीच जेवले. वडे नरम पडले होते. मला नरमच आवडतात.

पंधरा दिवस तिचा फोन नाही, माझाही नाही. गावात मात्र लोक मला थांबवून सांगायचे, "मॅडम, सही पकडा आपने." मग एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. सांगितलं की सभेत उघडपणे विचारलेला प्रश्न आणि दिलेलं उत्तर नोंदीतून काढता येत नाही. त्यामुळे गोंदियाचा अभ्यास आता आराखड्याला जोडावा लागला आहे. मेट्रो येईलच असं नाही, वर्षं लागतील, कदाचित नाहीच येणार. पण कागदावर गोंदिया आलं आहे. तिला त्या कामावरून काढून दुसरीकडे बसवलं आहे, कुठल्याशा पार्किंगच्या मोजणीवर. हे तिने पाऊस-पाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

मग म्हणाली, "ताई, एक विचारू? तू मुद्दाम विचारलंस ना? मला एकटीला बोलायची हिंमत होणार नाही, म्हणून?"

मी हो म्हटलं.

ती रडायला लागली. म्हणाली, तिला तेव्हाच वाटलं होतं, गाडीत बसल्या बसल्या. म्हणाली, माय असती तर तिनेही हेच केलं असतं. मी तिला उगी उगी म्हणत राहिले, तू म्हणायचीस तशी.

खरं म्हणजे आज हे पत्र मी तिलाच लिहायला घेतलं होतं. तिचा पत्ता मला पाठ आहे. पण पहिल्याच ओळीत तुझं नाव आलं आणि मग तुझ्याशीच बोलत बसले. तुला पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं. तिच्याशी खोटं बोलले ते तुला कळलंच. पण एक गोष्ट अजून सांगितली नाही. तिला त्या कामावरून काढलं, हे तिने सांगितलं ना, तेव्हा आधी मला बरं वाटलं होतं, माय. वाईट वाटलं ते नंतर.