उकळी दिसणारं पातेलं

४ मार्च
आधी सगळ्यांच्या तब्येती. मुलाचा खोकला उतरणीला. सूनबाईची पाठ बरी, तोंड त्याहून बरं – दिवसभर चालू! कारखान्यातली भट्टी ठणठणीत. मी? मला काय धाड भरलीय!

ताईचं मात्र बरं नाही. कान गेलेच होते, आता आणखी एक पातेलं जाळलं. उकळी ऐकू येत नाही, झाकण थडथडलेलं कळत नाही. कानाचं यंत्र आणून दिलंय, पण घरात लावेल तर शपथ. "भांड्याला भांडं लागलं की कानात फटाके फुटतात गं!" भाचा म्हणतो, पुन्हा जळलं तर गॅस बंद, बाहेरून डबा लावतो. ताई आणि डब्याचं जेवण! सरळ उपाशी ठेव म्हणावं.

५ मार्च
सुचलं! ऐकू येत नाही ना, मग दिसू दे.

आमची पांढरी भांडी साच्यातून निघतात तेव्हा आरपारच असतात – काचच ती. दुसऱ्या भट्टीत हळूहळू तापवली की काचेच्या पोटात बारीक स्फटिक धरतात, मग ती विस्तवाला भीत नाही. ताप वाढला की स्फटिक मोठे होतात, काच दुधासारखी होते. पण त्याआधीच, ठरावीक खुणेवर ताप रोखला तर आरपार राहते आणि विस्तवही सोसते.

मुलगा म्हणाला, "आई, या दोन तापांत केसाएवढीच फट आहे." म्हटलं, माझे केस उगाच पिकलेत का?

७ मार्च
सगळी पातेली पांढरी!! भट्टीच्या तापमापकाचा काटा खुणेला पोचला की घंटा वाजते, मग मी ताप उतरवायचा. घंटा वाजलीच नाही. समोर बसले होते मी!

८ मार्च
वायरमन येऊन गेला. "आजी, घंटा एकदम ठीक आहे." नाचता येईना, अंगण वाकडं! वर पुटपुटतो. हल्ली सगळेच पुटपुटतात. सूनबाई म्हणे चहाला मला चारचार हाका मारते – मारत असेल, मनातल्या मनात.

११ मार्च
आज घंटेवर विसंबलेच नाही. काट्यावर डोळा लावून बसले. खुणेला टेकला, ताप उतरवला. आता भट्टी निवेपर्यंत जीव टांगणीला.

१२ मार्च
आरपार! फिक्या चहाचा रंग, पण पलीकडून हसणारी सूनबाई स्वच्छ दिसली. कोरडंच विस्तवावर तापवलं, बर्फाच्या पाण्यात बुडवलं. वाफेचा ढग – आणि बस्स. एक तडा नाही. मुलाने पातेलं असं उचललं, जणू नातवंड.

१४ मार्च
ताईकडे आले. भाचा हाताची घडी घालून उभा, परीक्षकच. ताईने नव्या पातेल्यात बटाटे चढवले. बुडाशी बारीक बुडबुडे धरले, मग खळखळून उकळी. ताईने आपणहून आच बारीक केली. "टीव्हीपेक्षा बरं आहे की हे!" भाच्याची घडी सुटली. "राहू दे गॅस, मावशी."

ताईने माझा हात घट्ट धरून ठेवला. मुक्काम कर म्हणाली.

१५ मार्च
सकाळी ताईने माझ्याशी बोलायचं म्हणून यंत्र लावलं. चहाचं आधण मी तिच्या जुन्या पातेल्यात ठेवलं, झाकण घातलं आणि पाठ करून कपबशा पुसत होते. ताईने दंड धरून हलवलं –

"अगं, झाकण केव्हाचं थडथडतंय, ऐकू येत नाही का तुला?"

वळून पाहिलं. अर्धं पाणी आटलेलं.

घंटा बिचारी ठीकच होती. पुढच्या भट्टीत एक पातेलं माझंही.