रोज वेगळ्या नंबराची सायकल

नागपूर, ४ फेब्रुवारी २०२४

ती. सोनीबाईले धाकट्या बहिणीचा, दुर्गाचा जोहार, वि. वि.

गावात टावर नाई म्हणून कागद लिहून राह्यली. मी पोचली. माहा विनोद स्टँडवर घ्याले आला, अन् सोबत सायकल, तिसऱ्याच नंबराची! अहेरीच्या बाजारात बिरजूभाऊनं मोबाइलात विनोदचे सायकलीवरचे फोटो दाखवले, रंग एकच पण नंबर दरवेळी दुसरा, तेव्हा आपण त्याच्याशी भांडलो. चोराच्या घरी माही पोरगी देत नाई म्हणला तो. आता मी डोळ्यानं पाह्यलं.

विनोदले विचारलं तं म्हणे, आई, ही भाड्याची आहे. रस्त्याच्या कडेले उभी असते, मोबाइल दाखवला का कुलूप उघडते, काम झालं का दुसऱ्या अड्ड्यावर सोडून द्याची. मालक कुठी बसते म्हणलं, तं हसला. बाई, मालक नाई, चौकीदार नाई, अन् वीस सायकली उभ्या! आपण कोंबडीबी अशी सोडत नाई. मले पटलं नाई. त्याच्या खोलीतल्या पोट्ट्यांसमोरच म्हणलं, चोरी करत असशीन तं सांग अन् उद्याच गावाले चाल. तो जेवला नाई. चोराले कुठून भूक लागंन?

माह्या कोंबड्यांवर लक्ष अन् माह्यावर लोभ ठेवजो.
तुही दुर्गा


ता. ११ फेब्रुवारी

चि. दुर्गीले सोनीचे आशीर्वाद, वि. वि.

कागद भेटला. इथी सारे बरे. तुही लाल कोंबडी माह्या घरी अंडे देऊन राह्यली, परत मागू नको. बिरजूभाऊ दोनदा येऊन गेला. होळीच्या आत सांगा म्हणे, नाई तं पोरीले दुसरं घर पाहतो.

तू लहानपणापासून उतावीळ. विचारलं कमी, बोंबललं जास्त. मोहाची टोपली बांधून तू बाजाराले सायकलनंच जात होती ना? मंग बसून पाह्य त्या सायकलीवर. चोरीची असंन तं कोणी ना कोणी मानगूट धरंनच. धरलं तं तुही धरू दे, पोट्ट्याची नको.

म्हातारीची आठवण ठेवून लवकर कळवजो.
सोनी


नागपूर, १९ फेब्रुवारी

ती. सोनीबाईले दुर्गाचा जोहार, वि. वि.

बसली मी. विनोदनं मोबाइल दाखवून दोन सायकली काढल्या. अर्धा रस्ता मी मागंच पाहात होती, कोणी ओरडते का. कोणी ढुंकूनबी पाह्यलं नाई. तलावाजवळ अड्डा आला. विनोद म्हणे, कुलूप लाव, चहा पिऊ. मी कुलूप लावलं अन् गादीवर कडुलिंबाची हिरवी डहाळी ठेवली. रानात मोळीवर डहाळी ठेवली का आठ दिवस कोणी हात लावत नाई. मले वाटलं, इथीबी माणसंच राहतात.

चहा पिऊन येतो तं एक पोट्टी डहाळी खाली टाकून माही सायकल घेऊन निघाली! मी धावली, हँडल धरलं अन् चोर चोर म्हणून बोंबलली. माणसं जमली. पोट्टीचा चेहरा पांढरा पडला. तिनं मोबाइल दाखवला. मंग विनोदनं समजावलं का कुलूप लावलं त्याच घडीले ती सायकल माही राह्यली नाई, आता तिची. मी हात जोडले तिले. गेली बिचारी, डोळे पुसत.

म्हणजे पोट्टा पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होता, बाई. बिरजूभाऊले खडसावून सांग, पोरगा चोर नाई, नंबर मोजणं बंद कर.

पण रात्री विनोद एवढंच बोलला का त्या पोरीले तू पाच मिनिटांत माफी मागितली. मले समजलं त्याले काय पाह्यजे. माफी मागाले मी तोंड उघडलं, पण भाजीत मीठ आहे का, हेच विचारलं. होळीले येतं का म्हणलं, तं म्हणे, चोराले कोण बोलावते.

म्हणून मी थांबून राह्यली. माह्या तोंडून माफीचा शब्द निघंन तेव्हाच येईन. तुहा लोभ माह्यावरचा आटला तं आटू दे, पोट्ट्यावर राहू दे.
तुही दुर्गा