सात नंबरचा आरडाओरडा

१२ फेब्रुवारी
झोपले! सहाव्या खेपेलाही क्षयाचे जंतू झोपले.
अन्न काढून घेतलं की जंतूच्या पोटात एक इवलासा रेणू तयार होतो आणि घरभर दवंडी पिटतो — कामं बंद, वाढ बंद, आडवे व्हा. मग वरून कितीही औषध ओता, झोपलेला ढिम्म हलत नाही. दुपारचं ऊन बाकावर पसरलं होतं. मी नळी उन्हात धरून बघत बसले, किती वेळ कोण जाणे. आत लाखो झोपलेले आणि पाणी मात्र नितळ. हेवाच वाटला मेल्यांचा.

१५ फेब्रुवारी
रक्ताचा दिवस. आमच्याकडची जुनी रीत — प्रयोगाला पांढऱ्या पेशी हव्यात ना, मग काढा आपल्याच दंडातून. आम्ही आठही जण तळमजल्यावरच्या दवाखान्यात रांगेत. सर, शेजारच्या बाकावरचा लांब्या, काचसामान धुणाऱ्या मावशी, सगळे. मी नेहमीसारखी छताकडे बघत राहिले.
सिस्टर नळ्यांवर एक ते आठ नंबर टाकते. कुणाचा कुठला, ते तिच्या रजिस्टरलाच ठाऊक. दर खेपेला माणसाचा नंबर तोच, पण आम्हाला पत्ता नाही. "वर गेल्यावर सगळ्यांचं रक्त सारखंच," म्हणते.

१६ फेब्रुवारी
माझा सवाल एवढाच — झोपलेला जंतू गिळला तर पांढरी पेशी इतरांना हाका मारते का? जागा जंतू गिळला की मारते, तार ठोकल्यासारखी. झोपलेल्याला ओळखते तरी का? मला वाटतं, नाही. सहा वर्षं हेच वाटतंय, आणि सरांनी आता मार्चअखेरची मुदत दिलीय. पेपर नाही तर विषय बंद!

१९ फेब्रुवारी
काचेच्या ताटल्यांत सात जणांच्या पेशी गप्प. अगदी मला हव्या तशा. आणि सात नंबर? ती बया नुसती ओरडतेय! झोपलेले जंतू दिले तरी ओरडते, काहीच दिलं नाही तरी ओरडते. रिकाम्या ताटलीत कसला डोंबलाचा आरडाओरडा?
सर म्हणाले, "हात नीट धुतले होतेस ना?"
मला! सहा वर्षांनी! डोळ्यांत पाणीच आलं. मावशींनी बघितलं, चहाचा कप पुढे सरकवला.

२० फेब्रुवारी
चहाच्या खोलीत टेबलावर डोकं टेकलं आणि लागलाच डोळा. स्वप्नात आत्या. मी पाच वर्षांची, तिच्या गोधडीत. ती खोकते आणि दर खोकल्यानंतर हसते, मी घाबरू नये म्हणून. मग तिला लांबच्या इस्पितळात नेलं. ती परत आली नाही. गोधडी मात्र बरेच दिवस माझ्याकडेच होती. स्वप्नात तिचा वाससुद्धा आला — कापूर आणि ऊन.
उठले तर मानेखाली घामानं ओलं. लांब्या म्हणाला, "घोरत होतीस." खोटारडा!

२४ फेब्रुवारी
पुन्हा रक्त, पुन्हा ताटल्या. या वेळी दोनदा हातमोजे बदलले.

२६ फेब्रुवारी
तेच! बाकी सगळे गप्प, सात नंबर बोंबलतोय.
सरांनी आलेख बघितला. "सात नंबर काढून टाक. सात माणसांवर पेपर होतो." मी काढला. एक कळ दाबली, तो वेडावाकडा ठिपका गेला, आणि आलेख असा सुरेख दिसायला लागला की बघतच राहावं. सरांनी पाठ थोपटली. मला आनंद झाला, लपवू कशाला?

२७ फेब्रुवारी
आनंद टिकला नाही. घरी जाताना वाटेत चालता चालता थांबलेच. सगळी गर्दी पाण्याखालून गेल्यासारखी, आवाज दूरदूरचे. आणि मनात एकच — रिकाम्या ताटलीत पेशी ओरडते ती उगाच कशी ओरडेल? माझ्या ताटलीत काही नव्हतं. म्हणजे तिनं जंतू घरीच बघितलाय. त्या माणसाच्या अंगात.
आमच्या आठांपैकी कुणीतरी आजारी आहे. आणि त्याला पत्ता नाही. आणि मी त्याला काल पुसून टाकलं!

२८ फेब्रुवारी
सकाळीच सरांना सांगितलं, ठिपका परत टाकते. "पेपर बोंबलेल," ते म्हणाले. बोंबलू दे. चष्मा पुसला आणि स्वतःच माझ्याबरोबर खाली दवाखान्यात आले.
सगळं ऐकून सिस्टरनं हाताची घडी घातली. "रजिस्टर मी बघेन. ज्याचा नंबर सात, त्याला एकट्याला बोलावेन. तुम्हाला दोघांना काही कळणार नाही, विचारायचंही नाही."
कबूल, म्हटलं.

१ मार्च
दिवसभर माणसं निरखत होते. मावशी पायऱ्या चढताना दम खातात. कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि मला बघून हसल्या — तेच हसू, आत्याचं! त्या असतील तर? देवा, त्या नकोत. लांब्या वाळलाय का? की आधीपासूनच तसा? सर दुपारी दोनदा खोकले.
आईचा फोन. "आवाज खोल गेलाय तुझा. जेवतेस ना?" जेवते गं. भूक कमी आहे, एवढंच. या मुदतीनं वैताग आणलाय. घड्याळाचा पट्टा आणखी आतल्या भोकात घालावा लागला, तो जुना होऊन सैल पडलाय.

२ मार्च
अजून कुणाला बोलावलेलं दिसत नाही. मावशी दिवसभर जागेवर. लांब्याही. मी दोघांच्या मागे मागे, डिटेक्टिव्हसारखी. लांब्या म्हणाला, "प्रेमात पडलीस का माझ्या?" हसता हसता ठसका लागला, थांबेचना. पाठ चोळून दिली त्यानं. हात गरम नव्हता त्याचा. देवा, तो नसू दे.
संध्याकाळचं ऊन खिडकीत. शाल घेतली तरी हुडहुडी. पुन्हा आत्या, जागेपणीच. गोधडीचं टोक उचलून म्हणतेय, ये.

३ मार्च
सिस्टरनं मला एकटीला खाली बोलावलं. दार लावून घेतलं.
म्हणजे मावशी नाहीत. लांब्या नाही. जीव भांड्यात पडला माझा, खरंच! मी हसलेसुद्धा.
सिस्टर हसली नाही. माझा हात हातात घेऊन बसली होती.