अवशेषांच्या फोटोतली बाई

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! खोली लहान, पण भरपूर उजेडाची. घरमालकीणबाई निवृत्त नर्स आहेत, आणि बोलक्या इतक्या की बॅग खाली ठेवायलाही उसंत दिली नाही. कामाची जागा म्हणजे धावपट्टीच्या टोकाची प्रचंड शेड. कोसळलेल्या विमानाचे तुकडे तिथे जागच्या जागी मांडलेत, नाकाकडचे पुढे, शेपटीचे मागे. एकेकाचा फोटो काढायचा आणि चौकशीच्या वेबसाइटवर टाकायचा. लोकांपासून काही लपवायचं नाही, असं साहेब म्हणाले. मला ते फार आवडलं.

गुरुवार, ७

फोटोंखाली लोक हिरिरीने भांडतायत. एकजण विचारतो, विमान जळालं तर खिडकीची काच काळी कशी नाही? दुसरा म्हणतो, तुकडे भंगारातून आणलेत. ‘सत्यवाला’ नावाने लिहिणारा तर छातीठोकपणे सांगतो की विमान पडलंच नाही, प्रवासी कुठेतरी दडवून ठेवलेत. मला हसूच आलं. खिडकीचा हा भाग आगीपासून लांब पडला होता, एवढं एक वाक्य मी सभ्यपणे लिहिलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या नादी लागू नकोस, म्हणाले.

सोमवार, ११

सत्यवाल्याने माझा एक फोटो मोठा करून टाकलाय. खिडकीच्या काचेत मी पुसट दिसते, कॅमेरा गळ्यात. शेजारी अपघातात गेलेल्या एका मुलीचा फोटो. खरं सांगायचं तर साम्य आहे. कपाळ, हनुवटी. खाली ओळ : मेलेली बाई स्वतःच्याच विमानाचे फोटो काढतेय.

मी माझं ओळखपत्र टाकलं. उत्तर आलं, इतक्या लवकर बनवून मिळालं?

बुधवार, १३

त्या मुलीची आई फाटकाशी आली. रखवालदाराने परोपरीने सांगितलं, तरी हलेना. जवळून पाहिलं की तिची खात्री पटेल, असं वाटून मीच गेले. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. किती वाळलीस गं, म्हणाली. मी म्हटलं, मावशी, मी ती नाही हो. तिने घाईघाईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

“कळलं मला. बोलू नको म्हणून सांगितलंय ना तुला? नको बोलू.”

कुणीतरी हे मोबाइलवर टिपलं.

शुक्रवार, १५

साहेबांनी रजेवर पाठवलं. संध्याकाळी दादाचा फोन. लोक त्याच्यापर्यंतही पोचलेत. लहानपणीचं असं काहीतरी सांग, जे फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे, म्हणाला. थट्टेतच म्हणाला. मी सांगितलं. तरी त्याने आणखी एक आठवण विचारली.

शनिवार, १६

बाजारातून आले तर त्या मुलीची आई माझ्या खोलीत. मालकीणबाईंनीच दार उघडून दिलं. आईला लेकीपासून तोडायचं पाप आपल्याकडून होणार नाही, म्हणाल्या. ती माझ्या कपड्यांच्या घड्या घालत होती. जा म्हटलं तर नुसती हसते. लेकीचा स्वेटर घेऊन आलीय. मला बरोब्बर बसला. काढायला हवा होता. पण गारठा होता, आणि —

रविवार, १७, दुपार

खाली माणसं जमलीत. ओरडत नाहीत, तेच वाईट. प्रत्येकाच्या हातात फोटो. कुणाचा नवरा, कुणाचा बाप, एक तान्हं मूल. सगळे त्या विमानातल्यांचे नातलग. एकच विचारतात, तू सुटलीस, मग आमची माणसं कुठे आहेत?

खिडकीतून सांगितलं, कुणीच वाचलं नाही. एक म्हातारा मटकन खाली बसला. बाकीचे जिना चढू लागले.

पोलिसांना फोन केला. येतो म्हणाले —

ती कालपासून इथेच आहे. तिने आतून कडी लावलीय. दाराला पाठ लावून उभी आहे. आधी मला मारा, म्हणते.

बाहेरून मालकीणबाई. रडतायत. सांगून टाक ना गं, कुठे ठेवलंय सगळ्यांना —

कडी वाकतेय. तिचे पाय सरकतायत. दारात चिरडेल ती. मी ओरडले, आई, बाजूला हो —

आई म्हणाले मी.

बाहेर एकदम शांत. ऐकलं त्यांनी.

ती वळली. दार सोडलं तिने. दोन्ही हात पसरून माझ्याकडे येतेय, आणि तिच्यामागे दार